कैदी क्रमांक ९८४३

सागरगोटी

आम्ही पश्चिम ऑस्ट्रेलियात बनबरीला राहतो, पर्थच्या दक्षिणेला पावणेदोनशे किलोमीटरवर. गावाच्या उत्तरेला लेशनॉल्ट नावाची वाळूची लांबलचक पट्टी आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला आपलाच हिंदी महासागर. मागच्या फेब्रुवारीत तिथे भर दुपारी चालायला गेले आणि दीड तासात बरोबरचं पाणी संपलं. चपलेच्या कडेने आत शिरलेली वाळू चटके देत होती. झाडं आहेत, पण सावली तुटक. गाडीपाशी येईपर्यंत जीभ टाळूला चिकटली होती. १८६९ च्या फेब्रुवारीत याच टेकड्यांत चोवीस वर्षांचा एक आयरिश कैदी दिवसच्या दिवस लपून बसला होता. तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचते आहे.

त्याचं नाव जॉन बॉईल ओ'रायली. २८ जून १८४४ ला बॉइन नदीकाठच्या डाउथ गावी जन्म. वडील शाळामास्तर. पुढच्याच वर्षी आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथींनी गेली. त्या काळात वाढलेलं हे पोर. अकराव्या वर्षाच्या सुमारास तो द्रोहेडाच्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात उमेदवारी करायला लागला, पुढे इंग्लंडात प्रेस्टनला मावशीकडे राहून हेच काम केलं. १८६३ मध्ये परत येऊन तो डब्लिनला घोडदळात भरती झाला, १० व्या हुसार्समध्ये. १८६५ मध्ये जॉन डेव्हॉय या कार्यकर्त्याने त्याला फेनियन चळवळीत ओढलं. इंग्रजी राज्य उलथून आयर्लंडचं प्रजासत्ताक आणायचं, हे त्या गुप्त संघटनेचं उद्दिष्ट. ओ'रायलीकडे काम होतं ते पलटणीतले आयरिश शिपाई फोडून आत आणायचं. फितुरी झाली आणि फेब्रुवारी १८६६ मध्ये तो पकडला गेला. लष्करी न्यायालयाने जुलैत देहदंड ठोठावला, मग जन्मठेप, मग वीस वर्षं सक्तमजुरी.

इंग्लंडातले तुरुंग झाले, डार्टमूरहून पळायचा प्रयत्न झाला, आणि १२ ऑक्टोबर १८६७ ला ह्यूगमाँट नावाच्या जहाजात त्याला चढवलं. २८० कैदी, त्यांतले ६२ फेनियन. ८९ दिवसांचा प्रवास. वाटेत या लोकांनी हाताने लिहिलेलं साप्ताहिक काढलं, त्याचं नाव 'वाइल्ड गूज', रानहंस. सात अंक निघाले, प्रत्येकाची एकच प्रत, आणि ती डेकखाली मोठ्याने वाचून दाखवायची. ओ'रायली संपादकांपैकी एक होता. काही दिवसांपूर्वीपर्यंत पायात बेड्या असलेली माणसं कंदिलाच्या उजेडात अंक कधी निघतो याची वाट बघत बसली असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटल, पर्थजवळचं बंदर. तिथे क्रमांक मिळाला ९८४३. महिन्याभरात त्याला बनबरीकडे रस्ता बांधणाऱ्या टोळीवर पाठवलं. लिहितावाचता येत होतं म्हणून त्याच्याकडे टोळीचे कागद गावात नेऊन द्यायचं काम आलं. तेवढीच मोकळीक. बाकी झाडं तोडणं, खडी, वाळू, उन्हाळा.

इथली एक गोष्ट त्याच्या चरित्रात येते ती सांगते. टोळीवरच्या एका अधिकाऱ्याने त्याला काळ्या कडेचं एक पाकीट दाखवलं. घरून आलेलं. काळी कड म्हणजे घरात कुणीतरी गेलं. पाकीट दाखवलं, खणात टाकलं आणि सांगितलं, सहा महिन्यांनी मिळेल. सहा महिने हा माणूस रोज त्या खणासमोरून कामावर जात राहिला, आई गेली की वडील हे न कळता. पाकीट हातात आलं तेव्हा कळलं, आई गेली होती.

पळून जायचं ठरवल्यावर मात्र तो एकटा नव्हता. लोक त्याच्याबद्दल 'ऑस्ट्रेलियातून निसटलेला धाडसी कवी' असं लिहितात, ते मला पटत नाही. फादर पॅट्रिक मकेब या धर्मगुरूने त्याला सांगितलं, एकटा पळालास तर मरशील, थांब, मी व्यवस्था करतो. त्याने महिनोन् महिने जुळवाजुळव केली. १८ फेब्रुवारी १८६९ च्या रात्री मग्वायर नावाच्या स्थानिक आयरिश शेतकऱ्याने घोडे आणले, होडी आणली. देवमाशांची शिकार करणारं व्हिजिलंट हे अमेरिकन जहाज त्याला किनाऱ्याबाहेर उचलणार होतं. जहाज आलं, हे लोक होडी वल्हवत जवळ गेले, ओरडले, आणि जहाज तसंच पुढे निघून गेलं. मग वाळूच्या टेकड्यांत लपणं आलं. जवळ राहणाऱ्या जॅक्सन नावाच्या माणसाने खाणंपाणी पोचवलं. मकेबने दुसरं जहाज गाठलं, न्यू बेडफर्डचं गझेल. कॅप्टन गिफर्डला दहा पाउंड दिले आणि मार्चच्या सुरुवातीला ओ'रायली त्यावर चढला.

पकडले गेले असते तर मकेब, मग्वायर, जॅक्सन यांचं इथलं सगळं गेलं असतं. ओ'रायली पुढे अमेरिकेत बोस्टनला गेला, यांना मात्र मागे इथेच राहायचं होतं. वाळूत उभी राहिले की मला आधी ही माणसं आठवतात.

माजघर

ताई, पाकिटापाशी थांबले. माझी आई गेली तेव्हा मी दुबईत होते आणि निरोप मिळायला चार तास लागले, त्याचाच सल अजून आहे. सहा महिने म्हणजे काय.

एक विचारते. ऑस्ट्रेलियाला कैदी पाठवणं १८६८ पर्यंत चालू होतं? मला वाटायचं हे सगळं फार आधी संपलं.

कंपासपेटी

@माजघर, पूर्वेकडे आधीच संपलं होतं. न्यू साउथ वेल्सला १८४० मध्ये थांबलं, टास्मानियाला १८५३ मध्ये. तिथल्या वसाहतवाल्यांनीच 'आता कैदी नकोत' म्हणून आरडाओरडा केला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियाची कथा उलटी आहे. तिथे कैद्यांविना वसाहत सुरू झाली, पण माणसंच मिळेनात, रस्ते नाहीत, पूल नाहीत. मग तिथल्या लोकांनीच कैदी मागितले. १८५० मध्ये पहिलं जहाज आलं, आणि पुढच्या अठरा वर्षांत दहा हजारांच्या आसपास पुरुष. बाई एकही नाही, तशी अटच होती.

१७८८ पासून धरलं तर सगळ्या ऑस्ट्रेलियात मिळून सुमारे १,६२,००० कैदी नेले गेले आणि त्यांतले साधारण चौथा हिस्सा आयरिश. ह्यूगमाँट हे शेवटचं जहाज. त्याच्यानंतर एकही आलं नाही. म्हणजे धाग्यातला माणूस ऐंशी वर्षं चाललेल्या प्रकाराच्या अगदी शेपटाला सापडला.

आणि हे बंद होत असतानाच आपल्याकडे सुरू झालं होतं, हे विसरू नये. अंदमानात १८५७ च्या उठावातल्या कैद्यांची पहिली तुकडी मार्च १८५८ मध्ये उतरली. गोऱ्या वसाहतींनी नको म्हटलेली शिक्षा सरकारने इकडे जपून ठेवली.

नाखवा_रेवदंडा

ह्यूगमाँटबद्दल एक भर. हे जहाज इंग्लंडात बांधलेलं नाही. १८५२ मध्ये ब्रह्मदेशात मौलमीनला बांधलं, सागवानी लाकडाचं. मौलमीनचा साग आमच्या बापजाद्यांनाही ठाऊक होता. सागाला समुद्राचा किडा सहसा लागत नाही, म्हणून पूर्वेची जहाजं दोन-दोन पिढ्या चालायची.

दुसरं, गझेलच्या पुढच्या प्रवासात मुंबई दोनदा येते, ते ताईंनी लिहावं. मला अर्धवट आठवतंय.

सागरगोटी

नाखवा, बरोबर आठवतंय. तो भाग मी लांबेल म्हणून ठेवला होता.

गझेलवर ओ'रायलीबरोबर आणखी एक कैदी होता, मार्टिन बोमन. त्याला बेताचा सुगावा लागला आणि 'मलाही न्या, नाहीतर सांगतो' म्हणाला, म्हणून त्याला घ्यावं लागलं. पुढे मॉरिशसच्या ताब्यातल्या रॉड्रिग्ज बेटाशी जहाज थांबलं आणि इंग्रज अधिकारी पळालेला कैदी शोधायला चढले. बोमन पकडला गेला. तो किनाऱ्यावर ओ'रायलीचं नाव घेणार हे उघड होतं. त्या रात्री हेन्री हॅथवे नावाच्या जहाजावरच्या मित्राने ओ'रायलीला लपवलं, मग धार लावायचा दगड आणि ओ'रायलीची टोपी समुद्रात टाकली आणि 'माणूस पडला' अशी हाक दिली. होड्या उतरल्या, अंधारात शोधाशोध झाली, हाती लागली ती टोपी. खलाशी खरोखर रडले, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. सकाळी अधिकारी आले तेव्हा झेंडा अर्ध्यावर होता.

याच हॅथवेने आधी एकदा देवमाशाने होडी फोडली तेव्हा ओ'रायलीला बेशुद्ध अवस्थेत पाण्यातून ओढून काढलं होतं.

पुढे जुलैत आफ्रिकेच्या टोकाकडे गझेलला सफायर हे जहाज भेटलं, मुंबईहून लिव्हरपूलला निघालेलं. गिफर्डने त्याला त्यावर चढवलं आणि जॉन सोल नावाच्या पळून गेलेल्या खलाशाचे कागद दिले. जवळचे पैसेही दिले. लिव्हरपूलहून अमेरिकेला नेणाऱ्या जहाजाचं नाव तर बॉम्बेच होतं. २३ नोव्हेंबर १८६९ ला तो फिलाडेल्फियाला उतरला.

कंपासपेटी

मॉरिशस निघालं म्हणून सांगतो. १८१५ पासून वीसेक वर्षं बंगाल आणि मुंबई इलाख्यातून कैदी मॉरिशसला धाडले जात. तिथले रस्ते त्यांनी बांधले. १८३६ मध्ये डार्विन तिथे थांबला होता तेव्हा त्याने पोर्ट लुईमधले हे हिंदी कैदी पाहिले, त्यांच्या पांढऱ्या दाढ्या आणि रुबाब त्याच्या लक्षात राहिला. आपल्या इलाख्यातल्या त्या माणसांची नावं किती जणांना माहीत आहेत? ओ'रायली लिहू शकत होता म्हणून उरला.

सुभेदार_निवृत्त

लेख मनापासून आवडला, तरी एक गोष्ट मला घशाखाली उतरत नाही. मी बावीस वर्षं पायदळात काढली. ओ'रायली स्वतःच्या मर्जीने भरती झाला, राणीच्या नावाने शपथ घेतली, पगार घेतला, आणि बराकीतल्या जवानांना फोडलं. खाल्ल्या मिठाला जागला नाही. ज्या जवानांना त्याने आत ओढलं त्यांनाही शिक्षा झाल्या. एखाद्या नागरिकाने हे केलं असतं तर मी त्याला सरळ देशभक्त म्हटलं असतं. गणवेशातल्या माणसाबद्दल मला तसं पटकन म्हणता येत नाही.

सागरगोटी

काका, तुमचा मुद्दा इंग्रज सरकारनेही नेमका तसाच धरला. १८६९ आणि १८७१ मध्ये फेनियन कैद्यांना माफी मिळाली, ती नागरिकांना. शिपायांना नाही. ते फ्रीमँटलला खितपत राहिले. ओ'रायली बोस्टनला पोचून संपादक झाला तेव्हा त्याच्या पलटणींतले, त्याच्या जहाजातले सोबती अजून दगड फोडत होते.

मिठाचं मी असं बघते. त्याच्या देशात दुष्काळ पडला असताना धान्य बंदरांतून बाहेर जात होतं. मीठ कुणाचं होतं हा प्रश्न त्यालाही पडला असणार. शपथ मोडणं हलकं नाही, हे मी मानते.

कंपासपेटी

सुभेदार काका, १९२० मध्ये जालंधरला कॅनॉट रेंजर्सच्या आयरिश शिपायांनी घरच्या अत्याचारांच्या बातम्या ऐकून शस्त्रं खाली ठेवली होती. त्याच बंडात सोलनला पुढे असलेल्या जेम्स डेली या तरुणाला गोळ्या घातल्या. आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये आपल्या मुंबईत 'तलवार'वरच्या नौसैनिकांनी काय केलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तेही गणवेशातलेच होते.

सुभेदार_निवृत्त

माहीत आहे. वडील तेव्हा माझगावला कामाला होते, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचे. म्हणूनच तर म्हणालो की मला पटकन म्हणता येत नाही. अजूनही येत नाही. पण सोबत्यांचं पुढे काय झालं ते सांगा. त्यावरून माणूस ओळखतो मी.

किल्लीवाला

हे मी सांगतो, मी फ्रीमँटलला राहतो. तो तुरुंग कैद्यांनीच तिथलाच चुनखडी दगड खणून बांधला आणि १९९१ पर्यंत चालू होता. कोठडी मूळची सात फूट बाय चार फूट. मी आत उभं राहून दोन्ही हात पसरले, तर कोपरं वाकलेली असतानाच तळवे भिंतींना टेकले. चुना हाताला लागतो अजून.

१८७४ मध्ये आतल्या जेम्स विल्सन या शिपाई कैद्याचं पत्र न्यूयॉर्कला जॉन डेव्हॉयकडे पोचलं. आम्हाला विसरलात का, आम्ही इथे जिवंतपणी गाडले गेलो आहोत, असा त्याचा सूर. डेव्हॉयने ओ'रायलीचा सल्ला घेतला. ओ'रायलीने सांगितलं, मला नेलं तसंच न्या, देवमाशाच्या शिकारीचं जहाज घ्या, त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. आणि न्यू बेडफर्डला हॅथवेला भेटा. तोच टोपीवाला हॅथवे, तोवर तो तिथल्या रात्रीच्या पोलिसांचा प्रमुख झाला होता. कटाल्पा जहाज विकत घेतलं, कॅप्टन जॉर्ज अँथनी. एप्रिल १८७५ मध्ये ते निघालं.

इकडे जॉन ब्रेस्लिन हा माणूस श्रीमंत व्यापारी बनून फ्रीमँटलला आला. इतका बेमालूम की त्याला पाहुणा म्हणून तुरुंग दाखवण्यात आला. १७ एप्रिल १८७६, ईस्टरचा सोमवार, सगळा गाव होड्यांच्या शर्यतीत. सहा जण बाहेरच्या कामावरून चालत निघाले, वाटेत घोडागाड्या उभ्या होत्या, थेट रॉकिंगहॅमचा किनारा. तिथे अँथनी होडी घेऊन थांबलेला. रात्रभर वादळात होडीत काढून दुसऱ्या दिवशी ते जहाजावर चढले. १९ तारखेला जॉर्जेट ही सरकारी कामावर धाडलेली आगबोट तोफ घेऊन आडवी आली. अँथनीने वरच्या अमेरिकन झेंड्याकडे बोट केलं. गोळी घातलीत तर त्या झेंड्यावर घातलीत, असं ते होतं. जॉर्जेट परत फिरली. ऑगस्टमध्ये सहाही जण न्यूयॉर्कला उतरले.

एक सातवा शिपाई होता. फितुरीच्या संशयावरून त्याला मुद्दाम मागे ठेवलं. त्याने उरलेलं आयुष्य इथेच काढलं. फेरफटका घडवणारे लोक त्याचं नाव सहसा घेत नाहीत.

सुभेदार_निवृत्त

सोबत्यांना आणायची वाट दाखवली त्याने. ठीक. एवढं पुरे मला. सातव्याचं मात्र मनात राहील.

जास्वंद

पहारेकऱ्याच्या मुलीबद्दल कुणीच लिहिलं नाही. वुडमन नावाच्या वॉर्डरकडे ओ'रायली कागद घेऊन जायचा आणि त्याची मुलगी जेसी हिच्यावर त्याचं मन जडलं, असं वाचलंय.

सागरगोटी

हो, जास्वंद. त्याची लघुलिपीतली एक वही होती, तिच्यात हे येतं. मी ते मुद्दाम लिहिलं नव्हतं, कारण तिच्या बाजूचं आपल्याकडे काहीच नाही. एवढं खरं की १८६८ च्या नाताळानंतर दोन दिवसांनी त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि एका सोबतच्या कैद्याला तो वेळेत सापडला. आई गेलेली, वीस वर्षांतली दोनच सरलेली, आणि ही मुलगी. कोणत्या एका कारणाने, हे ठरवायला मी धजणार नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत मकेबने घोडे पाठवले. त्या धर्मगुरूने 'आता घाई करायला हवी' हे ओळखलं असेल असं मला वाटतं.

रानवाट

सगळे आयरिश माणसाच्या दुःखात बुडालात, म्हणून विचारते. तो रस्ता कुणाच्या जमिनीतून जात होता? ते नुंगर या तिथल्या मूळच्या आदिवासी लोकांचं रान आहे. फ्रीमँटल आणि बनबरीच्या मध्ये पिंजारा लागतं, तिथे ऑक्टोबर १८३४ मध्ये गव्हर्नरच्या तुकडीने नुंगर माणसांची कत्तल केली. फ्रीमँटलसमोर दिसणाऱ्या रॉटनेस्ट बेटावर, नुंगर त्याला वाजेमप म्हणतात, १८३८ पासून आदिवासी कैद्यांचा तुरुंग होता. हजारो पुरुष आणि मुलं तिथे डांबली, शेकडो तिथेच पुरली. ह्यूगमाँट त्याच बेटाजवळून बंदरात आलं. त्यांच्यासाठी कुठलं कटाल्पा आलं नाही.

सागरगोटी

रानवाट, मी हे पहिल्याच लेखात लिहायला हवं होतं. मी ज्या वाळूवर चालले ती त्यांचीच. बेटावर मी गेले आहे, आधी सहलीला गेले होते आणि तिथली पाटी वाचून परत जेट्टीवर येऊन बसले. पुढची बोट चार वाजता होती.

ओ'रायलीच्या खात्यावर एक गोष्ट आहे. बोस्टनच्या ज्या पायलट साप्ताहिकाचा तो संपादक होता त्याचे वाचक बहुतेक गरीब आयरिश. गोदीत आणि कारखान्यांत काळ्या कामगारांशी त्यांची हातघाईची स्पर्धा होती. अशा वाचकांसमोर तो वर्षानुवर्षं काळ्या लोकांच्या हक्कांच्या बाजूने लिहीत राहिला, सभांत बोलला. १८८८ मध्ये क्रिस्पस ॲटक्स, म्हणजे १७७० मध्ये बोस्टनला इंग्रज शिपायांच्या गोळीने मेलेला काळा माणूस, त्याच्या स्मारकाच्या समारंभासाठी त्याने कविता लिहिली. यानं पिंजारा भरून येत नाही.

माजघर

ताई, शेवटचं विचारते. तो घरी गेला का कधी?

सागरगोटी

नाही. इंग्रजी कायद्याने तो मरेपर्यंत फरारी कैदीच होता. त्याचं लग्न झालं, चार मुली झाल्या, नाव झालं, पण आयर्लंडात पाऊल टाकलं असतं तर बेड्या होत्या. कॅनडात एका समारंभाला बोलावणं आलं, तिथे जायचीही परवानगी मिळाली नाही. १० ऑगस्ट १८९० ला बोस्टनजवळ हल इथे झोप येत नाही म्हणून बायकोचं औषध घेतलं, ते जास्त झालं आणि तो गेला. छेचाळीस वर्षांचा होता.

सुटल्यानंतर आयर्लंड त्याने एकदाच पाहिलं, ते १८६९ मध्ये. 'बॉम्बे' लिव्हरपूलहून निघालं तेव्हा वाटेत तो किनारा लागला. ढग होते आणि त्यांच्या फटींतून ऊन खाली पडत होतं, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. डाउथ त्याच बाजूला. खिशात जॉन सोलचे कागद. आई जाऊन वर्ष उलटलेलं. जहाज थांबायचं काही कारण नव्हतं.